चौथ्या नंबरचे अध्यक्ष

"वेबसाइट? अध्यक्षसाहेब, ते माह्यावर सोडा अन् तुमी बिनघोर झोपा," गुणवंता कळंबे म्हणाला. "वेबसाइट म्हनजे काय असते? फ्लेक्सच असते जी. फक्त तिले बांबू लागत नाही."

समितीच्या भरल्या बैठकीत हे बोलून गुणवंतानं बशीतला चहा एका घोटात संपवला. पुढं काय वाढून ठेवलंय हे ज्याला ठाऊक नसतं, त्याचा चहा असाच संपतो.

आता गुणवंताची बढाई अगदीच हवेतली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. पांढुर्ण्यात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, चौदा वर्षांचं. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, जे काही दोन तालुक्यांत बांबूला टांगलं गेलं, त्यातलं बरंचसं त्याच्या मशीनमधून निघालेलं. आणि फ्लेक्स छापणं हे काही काम नव्हे, ते मशीन करतं. खरं काम असतं डोकी बसवण्याचं. मधोमध सगळ्यांत मोठं डोकं, ते साहेबांचं. त्यांच्या शेजारी दोन्ही बाजूंना दोन बोटं लहान डोकी. मग आणखी लहान. काठाकडे जाल तसं डोकं बारीक होत गेलं पाहिजे. एकदा कोषाध्यक्षांचं डोकं सचिवांपेक्षा अर्धा इंच मोठं निघालं, तर सचिव तीन महिने गुणवंताचा नमस्कार घेत नव्हते. तेव्हापासून तो माऊसशेजारी मोजपट्टी घेऊन बसतो.

समितीचं नाव जाम-कन्हान संत्रा उत्पादक समिती. जाम नदी पांढुर्ण्याची, कन्हान सौंसरकडची. पूर्वी दोन्हीकडच्या संत्रावाल्यांच्या वेगळ्या समित्या होत्या. पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आणि दोन समित्यांची एक झाली, म्हणजे भांडायला एकच खोली पुरू लागली. अध्यक्ष पांढुर्ण्याचे चिंधूजी गावंडे. उपाध्यक्ष सौंसरचे दत्तात्रयजी ढोले. हे दोघं एकमेकांना हार घालताना इतक्या जोरानं घालत, की बघणाऱ्याला धक्काबुक्की वाटावी. खाली आणखी पाच पदाधिकारी, आणि त्यांत सगळ्यांत धाकटा सहसचिव कुलदीप. हा कुलदीप गुणवंताचा सख्खा साळा.

साळा आहे म्हणूनच गुणवंतानं त्याचं डोकं प्रत्येक फ्लेक्सवर अगदी डाव्या काठाला, सगळ्यांत लहान ठेवलं होतं. उद्या कोणी म्हणायला नको की जावयानं सासुरवाडीला पुढं केलं. गुणवंताची बायको कमल या गोष्टीवरून घरात कायम धुसफुसत असे. "साऱ्याइचे डोके टरबुजासारखे, अन् आमच्या कुलदीपचं लिंबाएवढं. तेही काठावर. वारा आला का पयले त्याचंच डोकं फाटते."

वेबसाइटचं खूळ निघालं ते चिंधूजींमुळे. दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना फोनवर विचारलं, "आपकी वेबसाइट तो होगी ना?" चिंधूजींनी "हाँ हाँ, है ना, बहुत बडी है" असं ठोकून दिलं. ठोकलं तर ठोकलं, आता ती मोठी वेबसाइट पंधरा दिवसांत उभी करायची होती.

"गुणवंता," चिंधूजी बैठक संपताना म्हणाले, "काम तुले देऊन राहिलो. पन यात माही इज्जत गेली ना, तर समितीचा बीतभर फ्लेक्ससुदा तुह्या दुकानात येनार नाही. सौंसरले नवी मशीन लागली हाय, मले माहीत हाय."

हसत म्हणाले, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याचं दुकान चालत होतं ते या सात डोक्यांवर. त्यांचे वाढदिवस, त्यांच्या पोरांचे वाढदिवस, त्यांच्या निवडी आणि त्यांच्या निवडीबद्दल त्यांनीच दिलेल्या शुभेच्छा. हे काम गेलं, तर शटरला कुलूप लावून बाहेर पाटीही छापता येणार नव्हती, कारण ती छापायला मशीन चालू ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरपुढं बसला. फुकटात वेबसाइट बनवून देणारं एक पान उघडलं आणि पहिल्याच पायरीवर अडला. साइज कुठं टाकायची, ते सापडेना. शेजारी गौतमचा कॉम्प्युटर क्लास होता. ऑनलाइन फॉर्म भरणारा, शांत डोक्याचा माणूस. गुणवंतानं भिंतीवरून हाक मारली.

"गौतमभाऊ, वेबसाइटची साइज किती बाय किती राहते?"

"ज्याच्या त्याच्या स्क्रीनएवढी."

"म्हनजे कोनाच्या?"

"जो पाहून राहिला त्याच्या."

गौतम कामात असला की असं तुटक बोलतो, हे गुणवंताला माहीत होतं. त्यानं टेप काढला, आपल्या मॉनिटरची काच मोजली आणि वहीत लिहून टाकलं, 'वेबसाइट: दीड फूट बाय अकरा इंच.' आता कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं.

मग साचा निवडला. कुठल्याशा परदेशी कंपनीचा होता, आणि त्यात भरमसाट जागा मोकळी सोडली होती. फ्लेक्सवाल्याला मोकळी जागा म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक वाटते. गुणवंतानं वर झेंडूचं तोरण लावलं, दोन्ही बाजूंना पणत्या ठेवल्या, खाली लाटेसारखा भगवा पट्टा फिरवला आणि उरलेल्या जागेत कमळं सोडली. वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसत होत्या. मशीनचं हेड खराब झालं की फ्लेक्सवर अशाच रेघा उमटतात, चौदा वर्षांचा अनुभव होता. त्यानं त्या खोडून टाकल्या. त्या रेघांच्या पोटात बाकीची सगळी पानं आणि समितीचा फोन नंबर होता, हे त्याला फार उशिरा कळलं.

शेवटी डोकी. एका रांगेत सात. मधोमध चिंधूजी, सगळ्यांत मोठे. त्यांच्या उजवीकडे दत्तात्रयजी, दोन बोटं लहान. डावीकडे सचिव संदीप. मग कोषाध्यक्ष वगैरे उतरत्या भाजणीनं, आणि अगदी डाव्या काठाला कुलदीप, लिंबाएवढा. गुणवंतानं स्क्रीनला पट्टी लावून प्रत्येक डोकं मोजलं. एक सूत इकडंतिकडं नव्हतं.

गौतम चहाला आला तेव्हा त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मोबाइलमंदी कसं दिसते ते पाह्यलं का?"

"त्यात काय पाहाचं? लहान दिसन."

"तसं नसते गुणवंताभाऊ. मोबाइलवर रांग मोडते, एकाखाली एक..."

"गौतमभाऊ, वीस बाय दहाचा फ्लेक्स दुरून पाह्यला तर लहान दिसते का नाही? पन म्हनून अध्यक्ष कधी जागा सोडून जाते का?"

गौतमनं मोबाइल खिशात घातला. त्यानं चहा घेतला आणि तो आपल्या क्लासात निघून गेला.

उद्घाटन सौंसरला ठेवलं, कारण समितीचं ऑफिस पांढुर्ण्याला असल्यानं कार्यक्रम सौंसरला व्हावा, असा दत्तात्रयजींचा हट्ट होता. हॉल भरला. लॅपटॉपला हार घातला, कीबोर्डवर हळद-कुंकू पडलं, त्यातलं कुंकू एका बटणाखाली गेलं ते अजून तिथंच आहे. चिंधूजींनी नारळ फोडला, माऊसला एक बोट लावलं, आणि पडद्यावर वेबसाइट उघडली.

काय दिसत होती! तोरण, पणत्या, कमळं आणि मधोमध चिंधूजी, अंगावर येतील एवढे. टाळ्या थांबेनात. चिंधूजींनी गुणवंताच्या पाठीवर थाप मारली, दत्तात्रयजींनीसुद्धा मान हलवली. इथंच थांबला असता तर गुणवंता सुखानं घरी गेला असता. पण टाळ्या डोक्यात गेल्या की माणूस एक वाक्य जास्त बोलतो.

"आता सर्व मान्यवराइनं आपापल्या मोबाइलवर उघडून पाहावं," तो माइकवर म्हणाला.

सहा मोबाइल आणि एक टॅब बाहेर निघाला. सात चष्मे नाकावर चढले. आणि मग एकेक जण स्क्रीन बाहीला पुसून पुन्हा बघू लागला.

मोबाइलवर सातांची रांग मोडली होती. एकाखाली एक अशी सात माणसं उभी राहिली होती, डावीकडून सुरुवात करून. सगळ्यांत वर, अख्खा स्क्रीन भरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कुलदीप. लिंबाचा भोपळा झाला होता. आणि बाकीचेही त्याच्याएवढेच. ती दोन दोन बोटं, ते एक एक सूत, सगळं मातीत गेलं होतं.

चिंधूजी अंगठ्यानं वर सरकवू लागले. कुलदीप गेला, कोषाध्यक्ष आले. ते गेले, संदीप आला. संदीपही गेला, तेव्हा कुठं ते स्वतः दिसले.

"चौथा," चिंधूजी हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "गुणवंता, मी चौथा?"

"साहेब, पडद्यावर तुमी मधातच हा..."

"पडदा का मी खिशात घेऊन फिरू? दिल्लीवाला का पडदा लावून पाहीन?"

दत्तात्रयजी उठले. "अन् मी पाचवा. सौंसरच्या मानसाले पाचवं बसवलं, तेही सौंसरात बोलावून."

"पन दत्तात्रयजी, पयला सौंसरचाच हाय ना," गुणवंतानं कुलदीपकडे बोट दाखवलं.

"हा सौंसरचा नाही, हा तुह्या घरचा हाय."

झालं. जी गोष्ट कोणी म्हणू नये म्हणून त्यानं साळ्याला लिंबाएवढं ठेवलं, तीच गोष्ट भर हॉलमध्ये माइकसमोर निघाली. सचिव संदीपकडे मोठा टॅब होता. त्यावर तिघातिघांची रांग दिसत होती आणि संदीप पहिल्या रांगेत होता. "माह्याकडे तर बराबर दिसून राहिलं," असं तो दोनदा म्हणाला, तेव्हा चिंधूजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं टॅब पालथा ठेवला. कोणीतरी दत्तात्रयजींना फोन आडवा धरायला सांगितलं. आडवा धरल्यावर दोघादोघांच्या रांगा झाल्या आणि दत्तात्रयजी तिसऱ्या रांगेत पहिले आले. तेवढ्यावर त्यांनी फोन आडवाच धरून ठेवला, अगदी कोणाचा फोन आला तरी आडवाच. आणि कुलदीप? तो कोपऱ्यात उभा राहून साऱ्या नातेवाइकांना लिंक पाठवत होता.

चिंधूजी जाताना एवढंच म्हणाले, "चार दिवस. मंग मी सौंसरच्या मशीनवाल्यासंग बोलतो."

गुणवंता घरी आला तर दारातच पुरणाचा वास. कमलनं पोळ्या केल्या होत्या. चौदा वर्षांत श्राद्ध आणि पोळा सोडून या घरात पुरण शिजलं नव्हतं.

"अवो, बसा," कमल म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये भाऊ. "आईचा फोन आलता. म्हने जावयानं आज आमच्या लेकाची किंमत केली. गावभर दाखवून राहिली ते. तुमाले एवढं समजते तर इतके वर्ष काऊन मन मारून ठेवलं?"

"कमल, ते जरा..."

"काई बोलू नका. तुमचं लाजनं मले माहीत हाय." तिनं ताटात तिसरी पोळी टाकली. "आता फक्त कोनाच्या म्हनन्यावरून त्याले खाली आनू नका. आनलं तर मी सौंसरले जातो अन् तिथीच राहतो."

गुणवंतानं खाली मान घालून तीन पोळ्या खाल्ल्या. चव एकीचीही कळली नाही.

पहिला उपाय त्यानं सरळ केला. चिंधूजींना उचलून डाव्या काठाला नेलं. मोबाइलवर ते पहिले आले. पण पडद्यावर आता ते काठावर, सहसचिवाच्या जागी गेले आणि सरकून मधोमध आला सचिव संदीप. चिंधूजींच्या सुनेनं बँकेतल्या कॉम्प्युटरवर ते पाहिलं आणि घरी येऊन सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमी राजीनामा देला का?"

दुसरा उपाय गौतमनं सुचवला, फिरते फोटो. एकाच जागी सातही जण पाळीपाळीनं येतील, प्रत्येकी तीन सेकंद. गुणवंताला वाटलं, सुटलो. संध्याकाळी दत्तात्रयजींचा फोन.

"गुणवंता, माहा फोटो पळून राहिला बावा. मी चश्मा पुसून डोळ्याले लावतो तं तिथं संदीप येऊन बसते. अन् चिंधूजींचा कसा बराबर थांबते?"

"साऱ्याइचे तीनच सेकंद हाये जी."

"नाही. चिंधूजीचा जास्त थांबते. म्या घड्याळ लावून पाह्यलं."

तिसऱ्या दिवशी गुणवंताच्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो एखाद्या मंत्रालयात पडला असता तर त्याचं नाव झालं असतं. तो धावतच गौतमकडे गेला.

"गौतमभाऊ, एका वेबसाइटीच्या सात करता येते का?"

"येते. पन कायले?"

"प्रत्येकाची येगळी. ज्याची त्यात तो पयला."

गौतमनं कॉपी कशी करायची ते शिकवलं. अध्यक्षांच्या वेबसाइटवर अध्यक्ष पहिले, उपाध्यक्षांच्या वेबसाइटवर उपाध्यक्ष, कोषाध्यक्षांच्यावर कोषाध्यक्ष. कुलदीपच्या वेबसाइटवर कुलदीप, म्हणजे घरचं पुरणही टिकलं. गुणवंतानं सातांना सात वेगवेगळे मेसेज टाकले, पण मजकूर एकच होता: 'साहेब, आपली वेबसाइट दुरुस्त केली. हीच खरी लिंक. दुसरी कोणतीही लिंक आली तर उघडू नका, तिच्यात व्हायरस आहे.'

दोन दिवस काय सुखात गेले म्हणता! सातही जणांनी फोन करून शाबासकी दिली. चिंधूजी म्हणाले, "आता कसं, अध्यक्षासारखं वाटून राहिलं." दत्तात्रयजी म्हणाले, "शेवटी चिंधूजी दुसऱ्या नंबरवर उतरले म्हनाचे." गुणवंता मशीनवर हात फिरवत गाणं गुणगुणत होता.

तिसऱ्या दिवशी दत्तात्रयजींना सुख सोसवेना. त्यांनी आपली लिंक समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'सौंसरचा मान.' बाकीच्यांना वाटलं, दत्तात्रयजींनी व्हायरस पसरवला. ग्रुपला वाचवायला म्हणून पाच जणांनी आपापली खरी लिंक टाकली. कुलदीपनं सगळ्यांत शेवटी टाकली, हात जोडल्याच्या चिन्हासकट. पाव तासात सात लिंका एकाखाली एक. चिंधूजींनी सातही उघडल्या. एकीत ते पहिले होते. बाकी सहांत दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सगळीकडे फिरून आले होते.

लगेच बैठक बोलावली. गुणवंताला मध्ये उभं केलं.

"आपल्या समितीले अध्यक्ष किती?" चिंधूजींनी विचारलं.

"एक, साहेब."

"अन् तुह्या हिशेबानं?"

गुणवंता बोटं मोजू लागला.

"बाकीचे सहा कोनं नेमले?"

गुणवंताच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यानं हात जोडले. "साहेब, फ्लेक्स म्या टांगला का तो टांगलेला राहते. कोनी त्याले घडी करून खिशात नाही नेत. हे वेबसाइट बाई ज्याच्या खिशात जाते त्याच्यासारखी होते. म्या चौदा वर्ष तुमचे डोके पट्टी लावून मोजले. आता पट्टी कुठी लावू, तेच समजून नाही राहिलं. माहं चुकलं. पन समितीचं काम काढू नका, दुसरं मले काई येत नाही."

क्षणभर सगळेच वरमले. पण पहिला कोण, हा प्रश्न तिथंच बसला होता, आणि तो कोणाचं रडणं बघून उठणारा नव्हता.

"चिंधूजींचा फोटोच काढून टाका," दत्तात्रयजी म्हणाले, "मंग भांडनच नाही."

"मंग तुमचाही काढा."

"आमचे दोघाइचे निघाले तर संदीप पयला येईन, ते चालन?"

"संदीपचा कायले ठेवता? त्याचाही काढा."

असं करत करत एकेकानं दुसऱ्याचं डोकं उतरवलं. दीड तासानं कुलदीप तेवढा उरला. तो हळूच म्हणाला, "मंग माहा राहू द्या का?" तेव्हा सहाही जणांनी एका आवाजात नाही म्हटलं. ठराव पास झाला, वेबसाइटवर कोणाचाही फोटो नको. चहा किती वाजता घ्यायचा यावर ज्या समितीत कधी एकमत झालं नव्हतं, तिनं हा ठराव सर्वानुमते केला. आपण दिसलो नाही तरी चालेल, दुसरा दिसला नाही म्हणजे झालं, एवढ्या एका गोष्टीवर पांढुर्णा आणि सौंसर एक होतं.

"मंग फोटू कायचा टाकू?" गुणवंतानं विचारलं.

"संत्र्याचा टाक ना बावा," चिंधूजी म्हणाले. "संत्र्याची समिती हाय."

खरंच की! इतक्या दिवसांत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळे हसले, माना हलल्या, आणि मग दत्तात्रयजींनी विचारलं, "पन कोनाच्या बगिच्यातला?"

हललेल्या माना तिथंच थांबल्या.

चिंधूजी उठता उठता म्हणाले, "ते तू पाह्य गुणवंता. उद्या संध्याकाळपर्यंत. पन संत्रा कोनाचा हाय हे कोनालेही समजलं नाही पाहिजे. समजलं, तर सौंसरची मशीन हाये."

गुणवंता सरळ गौतमकडे गेला. पांढुर्ण्याचं फळ घेतलं तर सौंसर पेटणार, सौंसरचं घेतलं तर पांढुर्णा. बाजारातून आणलं तर ते कोणाच्या गाडीतून उतरलं हे अडतवाला पहिल्या झटक्यात सांगणार. गौतमनं सगळं ऐकलं, कीबोर्ड ओढला आणि टाइप केलं: एक संत्रा, देठाला दोन पानं, वर दवाचे थेंब, सकाळचं ऊन. बटण दाबलं. गुणवंतानं डोळे मिचकावले तेवढ्यात स्क्रीनवर संत्रा आला. असा रसरशीत की हात पुढं जावा.

"कोनाचा हाय हा?" गुणवंतानं दबक्या आवाजात विचारलं.

"कोनाचाच नाही. कॉम्प्युटरनं आताच बनवला."

"म्हनजे कोन्या झाडाले..."

"झाडाले लागलाच नाही कधी."

गुणवंतानं गौतमला मिठी मारली. तोरण, पणत्या, कमळं सगळं काढलं. गौतमनं त्या तीन रेघा परत लावून दिल्या. पांढऱ्या पानावर एकच संत्रा आणि खाली समितीचं नाव. मोबाइल उभा धरा, आडवा धरा, पडद्यावर लावा, संत्रा आपला जिथल्या तिथं.

संध्याकाळी पहिला फोन चिंधूजींचा. आवाज अगदी खालचा.

"गुणवंता, ओळखलं म्या."

गुणवंतानं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "काय साहेब?"

"माह्या विहिरीजवळच्या झाडाचा हाय ना? देठापाशी थोडासा दबलेला, तो रंग, मले का समजत नाही? मी गेल्या हप्त्यात छिंदवाड्याले गेलतो तवा येऊन गेला वाटते. कोनाले बोलू नको. फ्लेक्सचं काम तुह्याकडेच राहीन, माह्या वाढदिवसाचा या वर्षी वीस बाय दहा नाही, तीस बाय दहा काढ."

"हव जी," गुणवंता म्हणाला.

पाच मिनिटांत दत्तात्रयजी. "शाबास रे गड्या. शेवटी संत्रा सौंसरचाच लागला ना? अन् तोही आमच्या उत्तरेकडच्या ओळीतला. चिंधूजीले समजू देऊ नको, हार्टचा मानूस हाय."

"हव जी."

मग संदीप, मग कोषाध्यक्ष. रात्रीच्या जेवणाआधी सातही फोन येऊन गेले आणि सातही वेळा गुणवंता "हव जी" म्हणाला. संत्र्यात ज्यांची हयात गेली, नुसता वास घेऊन जे फळ कोणत्या बहाराचं ते सांगतात, त्या सात जाणत्या माणसांनी तो संत्रा बिनचूक ओळखला होता. सातव्या फोनवर कुलदीप होता. तो रडत होता. "भाऊजी, तुमी साऱ्याइच्या समोर माहा फोटो काढून टाकला, अन् मांगून माहा संत्रा लावला."

ताट वाढताना कमलनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. दुपारी कुलदीपचा फोटो उतरला तेव्हापासून ती तोंड फुगवून होती, आता नव्हती.

"खरं सांगा, हा आमच्या कुलदीपच्या बगिच्यातला ना? मी लहानपनापासून खाल्ले हे. पाहूनच तोंडात चव आली."

"हव," गुणवंता म्हणाला. आठव्यांदा.

ती पोळी आणायला आत गेली. गुणवंतानं मोबाइल हातात घेतला आणि त्या संत्र्याकडे जरा निवांत बघितलं. हा संत्रा कसा बनला ते त्यानं स्वतः समोर बसून पाहिलं होतं. तरी त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, थोडा तिरपा केला. सावरगावच्या जुन्या घराच्या परसात त्याच्या बापानं लावलेलं एकच एक झाड होतं. दोन पानं अशीच वळलेली, देठ असाच जरा वाकडा.

"लेकाचा," तो स्वतःशीच पुटपुटला, "हा तर आपल्याच झाडाचा दिसून राहिला."